नऊ बाय नऊ : वाचनालयातल्या रोजच्या कोड्याच्या नोंदी

५ नोव्हेंबर

वाचनालयाच्या फलकावर आज आमचं पहिलं शब्दकोडं लागलं. मुहूर्त सरांचा. आज मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत, तेव्हा सुरुवात आजच करायची असा त्यांचा हट्ट. म्हणून १ आडवे 'नांदी'.

हा उद्योग कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते. वाचनालयात सकाळी आठला पेपर येतात. सव्वाआठपर्यंत त्यातलं शब्दकोडं कुणीतरी बॉलपेनने भरून टाकलेलं असतं, तेही अर्धवट. नंतर येणाऱ्याला मग दुसऱ्याच्या अक्षरातलं अर्धं जेवण ताटात. गेल्या महिन्यात एकाने ब्लेडने कोडंच कापून नेलं, आणि पाठीमागच्या निविदा सूचनेचा मधला तुकडा त्याच्यासोबत गेला. ग्रंथपाल बाईंनी 'कृपया कोडे भरू नये' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाटीवरच्या प्रत्येक अक्षराभोवती कुणीतरी चौकोन काढून ठेवले होते.

माझं दुकान वाचनालयापासून दोन दारं सोडून. डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका. ठरलं ते असं : रोज एक आपलं कोडं, ए-थ्री कागदावर फलकाला, आणि खाली टेबलावर ए-फोरच्या झेरॉक्स. ज्याने त्याने आपली प्रत घ्यावी. सूत्रं लिहिणार सर (निवृत्त, विषय मराठी), जाळी आणि मांडणी माझी, छापण्याआधी सोडवून बघणार आत्या. भाचा 'तांत्रिक बाजू' बघणार, म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

७ नोव्हेंबर

जाळीचं गणित.

इंग्रजी पेपरात रोजची जाळी बहुधा १५ बाय १५ ची असते. आम्ही ९ बाय ९ वर थांबलो. मराठी शब्द अक्षरांनी मोजला की आखूड होतो. 'विश्रामबाग' बोलायला एवढं लांबलचक, पण घरं लागतात पाच. दोन अक्षरी शब्दांना आपल्याकडे कुणी नाक मुरडत नाही, इंग्रजीत मात्र तीनच्या खाली जायचं नाही असा रिवाज आहे.

खरी अडचण छेदाची, म्हणजे आडवा आणि उभा शब्द एकाच घरात भेटतात त्या जागेची. इंग्रजीत एका घरात बसायला २६ उमेदवार. आपल्याकडे व्यंजन आणि त्याची मात्रा एकाच घरात राहतात. ३४ व्यंजनं, बाराखडीचे १२, म्हणजे ४०८ झाले. जोडाक्षरं आणि सुटे स्वर अजून दाराबाहेरच उभे. अमेरिकन पद्धतीच्या जाळीत प्रत्येक अक्षर आडव्यातही असतं आणि उभ्यातही. मराठीत तसं करायला गेलं की चौथ्या ओळीत 'तम', 'रव', 'नग', 'पय' यांची गर्दी होते. ब्रिटिश पद्धतीची सैल जाळी, जिथे साधारण एकाआड एक अक्षराला छेद मिळतो, तीच आपल्याला झेपते.

भाचा म्हणाला, "मावशी, मात्रा धरूच नकोस ना. 'क' ला 'क' मिळाला की बास."

सर म्हणाले, "मग घरात वेलांटी काढायची ती आडव्याची की उभ्याची?"

तो विषय तिथेच संपला. आणि बरं झालं संपला. इंग्रजीत छेदातून नुसतं एक अक्षर मिळतं; आपल्याला 'ळी' मिळाला तर अर्धा शब्द हातात येतो. छेद कमी, पण एकेक छेद बोलका. सोडवणाऱ्याकडून हा फायदा कशाला काढून घ्यायचा?

जाळी अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी काळ्या घरांची नक्षी तीच दिसावी, हा नियम मी पाळते. सोडवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. सरांनी विचारलंही, "मग कशाला?" पत्रिकेत गणपती बरोबर मध्यावर का घेतात, त्याच कारणासाठी.

११ नोव्हेंबर

आत्याशी वाद. आत्या ८२ वर्षांची आणि तिची शाळा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची. ती 'रवि', 'कवि' असंच लिहिते, आणि 'नाहीं' वर अनुस्वार दिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आजच्या कोड्यात 'रवी' ला 'वीणा' छेदत होती (सूत्र : 'सरस्वतीच्या हातातली, मिरजेत दुरुस्त होणारी'). आत्याने 'रवि' लिहिलं आणि मला बोलावून म्हणाली, "अगं, तुमची वीणा आखूड झालीय."

एवढ्या एका वेलांटीसाठी माणूस अडतो. पेपरातल्या कोड्यांत तर एकाच जाळीत 'कवी' आणि 'रवि' दोन्ही सुखाने नांदतात, म्हणजे सोडवणाऱ्याने आधी कोडेकाराची शाळा ओळखायची. आमच्या कोड्याखाली आजपासून एक ओळ कायमची : 'लेखन सध्याच्या नियमांप्रमाणे. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ.'

आत्याने ती ओळ चष्मा पुसून वाचली. "नियम तुमचे, शाळा माझी," म्हणाली, आणि 'वि' चा 'वी' केला. बॉलपेननेच. ती पेन्सिल वापरत नाही.

१४ नोव्हेंबर

टेबलाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल गेली. दोरा आहे.

१८ नोव्हेंबर

आज दिवसभर एकच तक्रार : ५ आडवे, 'सूर्य (२)'.

दोन अक्षरांत सूर्य म्हणजे रवी, भानू, मित्र, अर्क. सूत्र सोपं, शब्द सगळ्यांना येतात, आणि तरी कुणालाच लिहिता येत नाही. संस्कृतने आपल्याला समानार्थी शब्दांचं कोठार दिलं, कोडेकारांनी ते आळशीपणाने वापरलं. 'कमळ (३)', 'पाणी (२)', 'पृथ्वी (२)' अशी सूत्रं वर्षानुवर्षं छापून येतात. त्यात सोडवणाऱ्याने करायचं काय? छेद मिळेपर्यंत हात बांधून बसायचं.

सरांना दाखवलं. ते थोडे नाराज झाले, मग पाठकोऱ्या कागदावर खरडत बसले. संध्याकाळी नवं सूत्र : 'रोज उगवतो, अडचणीत मात्र क्वचितच (२)'. आता उत्तर 'मित्र' च, दुसरं काही बसतच नाही. अवघड सूत्र 'सूर्य' पेक्षा जास्त मदत करतं, ही गंमत मला आज कळली.

२५ नोव्हेंबर

माझ्या धंद्यात दुसऱ्याची खोडाखोड वाचता यावी लागते. प्रूफ तपासणाऱ्याने आधी काय लिहिलं होतं, मग का खोडलं, हे कागद तिरपा धरला की दिसतं. लोक प्रती टेबलावर टाकून जातात, त्या मी गेल्या आठवड्यापासून गोळा करते आहे. ग्रंथपाल बाईंना वाटलं रद्दीसाठी.

प्रती एकावर एक ठेवून पाहिल्या, तेव्हा दोन तऱ्हा दिसल्या. काही कोड्यांत प्रत्येकाची खोडाखोड वेगळ्या जागी. हळदवाल्या शेठजींची डावीकडे वर, अभ्यासिकेतल्या पोरांची तळाशी, आत्याची कुठेच नाही. अशा कोड्यांबद्दल लोक 'आज घाम काढला' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. दुसऱ्या तऱ्हेत सगळ्यांची खोडाखोड एकाच कोपऱ्यात, आणि खोडलेला शब्दही एकच. 'पूजेतलं फळ (३)' ला झाडून सगळ्यांनी 'नारळ' लिहिलं होतं. उत्तर 'श्रीफळ'. शेवटचा 'ळ' दोन्हीकडे जुळतो, म्हणजे छेद तपासून पाहणाऱ्यालाही खात्रीच पटते की आपण बरोबर आहोत. त्या कोपऱ्यातले बाकीचे चार शब्द मग कुणालाच आले नाहीत.

पहिल्या तऱ्हेत माणूस स्वतःशी अडतो, दुसरीत आमच्यामुळे. पहिल्या अडण्याला लोक पैसे देतील. दुसऱ्याला शिव्या देतात आणि त्या योग्यच असतात. यापुढे कोडं चांगलं की वाईट हे मी किती जणांनी पूर्ण केलं यावरून ठरवणार नाही. कोपऱ्यातला कागद किती जणांचा फाटला, ते बघेन.

२ डिसेंबर

सरांनी आज गूढ सूत्राचा पहिला नमुना फलकावर सोडला : 'पगार पहिल्याविना थंड (२)'.

इंग्रजीत ही जात जुनी आहे. सूत्राच्या एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या भागात शब्दाची तोडफोड. दोन्ही वाटांनी एकाच उत्तरावर पोचायचं. वरून वाचलं की वाक्य भलतंच काहीतरी सांगतं आणि माणूस तिकडेच बघत बसतो.

शेठजी सौदे आटोपून आले, उभ्या उभ्या वाचलं आणि दुकानात आले. "ताई, चेष्टा लावलीय होय ओ? पगार पहिल्याविना म्हणजे काय, पहिल्या तारखेविना?"

"'पगार' लिहा. पहिलं अक्षर झाका."

त्यांनी तळहातावर बोटाने लिहिलं. 'गार'. चेहरा आधी चिडलेला, मग हसू यायला लागलेलं पण द्यायचं नाही असा. "सरळ सांगायला काय झालं होतं?" म्हणाले आणि गेले. जाताना दारातून, "उद्या असलंच घाला."

दुसऱ्या दिवसासाठी सरांकडे तयार होतं : 'नदी उलटली की गरीब होतात (२)'. उलट वाचा, 'दीन'. 'दिन' नाही, 'दी' दीर्घच हवा, आणि नदीतली 'दी' तो आयता देते. सूत्र मी छापावं की नाही यावर थोडी थांबले. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे, आणि २०१९ चा ऑगस्ट अजून भिंतींवर दिसतो. सर म्हणाले, ज्यांनी चिखल उपसलाय त्यांनाच हे आधी सुटेल. छापलं.

४ डिसेंबर

सुटलं. कुणीच त्याबद्दल हसलं नाही, तक्रारही केली नाही. शेठजी एवढंच म्हणाले, "खरं लिवलंय."

६ डिसेंबर

लपवलेल्या शब्दांची सूत्रं मराठीत अवघड का, ते आज स्पष्ट झालं. सरांना 'हरिपूर' मध्ये 'पूर' दडवायचा होता. पण वाक्यात 'हरिपुरात' केलं की 'पू' चा 'पु' होतो आणि पूर ओसरतो. विभक्ती लागली की आपल्या शब्दांची आतली मोडतोड होते : मिरज, मिरजेत, वीट, विटेवर, तूप, तुपात. त्यामुळे ज्यात काही लपवायचं तो शब्द वाक्यात मूळ रूपातच उभा राहायला हवा. शेवटी : 'हरिपूर बघायला गेलो, अखेरीस पाणीच पाणी (२)'.

जोडून करायचे शब्द मात्र मराठीत मस्त जमतात. 'इज्जत आणि पैसा एकत्र, तरी हातात थोडकंच (४)' : मानधन. हे सूत्र सरांनी स्वानुभवातून लिहिलं असावं. व्याख्यानाला बोलावतात, पाकीट देतात.

९ डिसेंबर

भाच्याची तांत्रिक बाजू उघड झाली. कोडं फोनवर सोडवता येईल असं पान तो बनवतोय. काल दाखवायला आणलं तर 'विश्रामबाग' ला सहा घरं. 'श्' एका घरात, 'रा' दुसऱ्यात.

कारण ऐकण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्रा आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक असतात. आपल्याला पाच दिसणारा हा शब्द संगणकाच्या हिशोबात दहा तुकड्यांचा : व, वेलांटी, श, हलन्त, र, काना, म, ब, काना, ग. तुकड्यांचं पुन्हा अक्षर करायचे नियम युनिकोडने ठरवून दिलेत, पण जुन्या नियमांत हलन्तानंतर अक्षर तुटायचं. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, आणि भाचा वापरत होता ती आज्ञावली त्याआधीची. आवृत्ती बदलली, पाच घरं झाली.

माझ्या दुकानातल्या निम्म्या फाइली तर अजून युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. त्यात वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप करावी लागते आणि रफार म्हणजे नुसता वर चिकटवलेला आकडा. जाळी हाताने भरायची असेल तर काही बिघडत नाही. यंत्राने भरायची म्हटली की 'आयर्विन' मधला 'र्वि' कुणाच्या घरात जाईल, देव जाणे.

१३ डिसेंबर

सोडवणाऱ्यांच्या सवयी. (सरांनी मागितल्या, सूत्रांची अवघड-सोपी वाटणी करायला.)

आत्या आधी सगळी आडवी वाचते आणि एकही लिहीत नाही. मग सगळी उभी. तिसऱ्या फेरीत पेन उचलते आणि सलग भरत सुटते. बघणाऱ्याला जादू वाटते, पण तोवर चहा गार झालेला असतो.

शेठजी जे सुचेल ते लगेच लिहितात. आत्मविश्वास जबरदस्त, त्यांच्या प्रतीला दुपारपर्यंत भोकं पडतात.

निवृत्त कंडक्टर काका खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करतात. का विचारलं तर म्हणाले, "कोडं करणाराबी शेवटाला दमल्याला असतोय की. तिथं सोपं घालतोय." तपासून पाहिलं. खरं आहे. शेवटची चार सूत्रं सर झोपायच्या आधी लिहितात.

स्पर्धा परीक्षेची पोरं माहितीची सूत्रं क्षणात उडवतात. 'भारताचा पहिला कसोटी विजय यांच्या नेतृत्वाखाली, जन्म सांगलीचा (३)' : हजारे. १९५२, मद्रास, इंग्लंडविरुद्ध, एवढं सगळं एका दमात सांगून टाकतात. 'मित्र' ला मात्र अडून बसतात. माहितीच्या सूत्रात सोडवण्यासारखं नसतंच काही; येतं किंवा येत नाही. ज्याला येत नाही त्याच्यासाठी छेदांची सोय हवी, म्हणून विशेषनामाच्या निदान निम्म्या अक्षरांना छेद मिळालाच पाहिजे असा नियम केला. आणि एका कोड्यात अशी दोन सूत्रं, जास्त नाहीत.

१६ डिसेंबर

रात्री दहाला शेठजींचा फोन. "ताई, ४ उभा सांगू नका. फक्त पहिलं अक्षर 'म' हाय का, तेवढं सांगा."

'म' नव्हतं. मी सांगितलं नाही. एक रिकामं घर माणसाला जेवढं छळतं तेवढी रिकामी जाळी छळत नाही, आणि तो छळ संपवणारा शब्द पेन खाली ठेवल्यावरच सुचतो. मला स्वतःला बहुतेक वेळा शटर ओढताना सुचतो. सकाळी शेठजी बादलीत पाणी काढताना सुचलं म्हणाले. अर्ध्या अंघोळीत बाहेर येऊन लिहिलं, हे त्यांनी वाचनालयात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. रात्री मी सांगून टाकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

२१ डिसेंबर

वाढदिवस अंक. आर्थर विन याचं पहिलं कोडं याच तारखेला, १९१३ साली 'न्यूयॉर्क वर्ल्ड' मध्ये छापून आलं. माणूस लिव्हरपूलचा, जाळी शंकरपाळ्याच्या आकाराची, मधे पोकळ, आणि काळी घरं नाहीत. एक शब्द त्याने आधीच भरून दिला होता.

आम्हीही आज शंकरपाळं केलं. लोकांना आवडलं नाही. टोकाला एकेकच घर येतं, मराठीत एका अक्षराचे शब्द किती? छेदही नीट बसत नाहीत. कंडक्टर काकांना खालचा उजवा कोपराच सापडेना. पुन्हा करणार नाही.

आधीच भरून दिलेल्या शब्दाची कल्पना मात्र उचलली. सोमवारच्या कोड्यात मधला एक शब्द छापून द्यायचा. नव्या माणसाला पाय ठेवायला जागा होते.

३० डिसेंबर

'पिक' प्रकरण. आडवं सूत्र 'वसंतात गाणारा (२)', म्हणजे कोकीळ, पिक, ऱ्हस्व. उभं 'पिवळा'. सगळं नियमात. तरीही बहुतेक प्रतींत 'पीक' आणि त्याखाली 'पीवळा'. शेतकरी भाग आहे, 'पिक' वाचला की हात आपोआप दीर्घ लिहितो; आणि 'पिक' हा शब्द कोड्याबाहेर बोलतो कोण?

सर म्हणतात शब्दकोशात आहे, बास. माझं म्हणणं, शब्दकोशात असणं हा आधार झाला, परवानगी नाही. 'पिक', 'अलि', 'शर' ही मंडळी जाळीचा अडलेला कोपरा सोडवायला येतात. सोडवणाऱ्याला त्यांच्यापासून आनंद मिळत नाही. जुन्या सोडवणाऱ्यांना ती पाठ झालेली असतात, नव्याला वाटतं आपल्याला मराठीच येत नाही, आणि तो कागद ठेवून देतो. सर गप्प बसले. पटलं म्हणून की चहा आला म्हणून, सांगता येत नाही. तडजोड : आठवड्याला असा एक शब्द, तोही चारही बाजूंनी आधार देऊन.

८ जानेवारी

त्यावर सरांनीच उपाय काढला. त्यांच्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांना रिकामी जाळी द्यायची आणि सुचतील ते शब्द भरून आणायला सांगायचं. सूत्रं नंतर सरांनी लिहायची. पहिल्याच खेपेला 'भडंग', 'बेदाणा', 'रिचार्ज', 'खटारा', 'गालबोट' आले. 'तम' आणि 'पय' गायब. जाळी विस्कळीत असते, दुरुस्तीत माझी संध्याकाळ जाते, पण शब्द जिवंत असतात.

'गालबोट' वर सरांचं सूत्र : 'चेहऱ्याला हाताचं टोक लागलं आणि शुभकार्य नासलं (४)'.

या पद्धतीत एक धोका आहे, तो सरांना मी हसत हसत सांगितला. १९४४ च्या मे महिन्यात लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' च्या कोड्यांत 'युटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' असे शब्द उत्तरांत येत गेले. नॉर्मंडीवरच्या चढाईची ती सांकेतिक नावं, आणि चढाई ६ जूनला झाली. कोडेकार लिओनार्ड डॉ हे मुख्याध्यापक. गुप्तहेर खात्याची माणसं त्यांच्या दारात. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की सर आमच्याकडूनच जाळ्या भरून घ्यायचे आणि ते शब्द आम्ही जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकले होते.

आमच्या पोरांकडून आत्तापर्यंत फुटलेलं गुपित एकच. 'साखरपुडा' हा शब्द एकीने भरला आणि तिच्या ताईचा ठरलाय हे शिकवणीत कळलं.

१७ जानेवारी

'वारा फिरला आणि पोपट झाला (२)'.

हे सरांचं आजवरचं सगळ्यात सुंदर सूत्र आहे असं माझं मत. 'वारा' उलटा, 'रावा'. आणि वाचणारा अडकतो 'पोपट झाला' मध्ये, कारण तो त्याचा स्वतःचाच होत असतो. अभ्यासिकेतल्या एकाने फलकाचा फोटो काढून फोनलाच विचारलं. फोनने 'राघू' सांगितलं, सविस्तर कारणासह. पोराने भरलं, 'घू' ला छेदणारा उभा शब्द 'वाघूळ' होईल का, यावर अर्धा तास घालवला, आणि मग स्वतःच वारा फिरवून बघितला. "मॅडम, फोनचाबी पोपट झाला." सरांना निरोप पोचवला. ते दिवसभर खुशीत.

प्रती आज तिरप्या धरून पाहिल्या. खोडाखोड भरपूर, पण ज्याची त्याची वेगळ्या शब्दाची. कुणी 'मैना', कुणी 'गोची', कुणी 'फजिती' दोन घरांत कोंबायचा प्रयत्न केलाय.

२४ जानेवारी

झेरॉक्सचा खर्च वाढतोय. ग्रंथपाल बाईंनी डबा ठेवलाय, प्रतीला एक रुपया, ऐच्छिक. डब्यात पैसे कमी आणि सूत्रांच्या चिठ्ठ्या जास्त पडतात. बहुतेक सूत्रं कच्ची असतात : नुसता शब्द उलटा केलेला, सरळ अर्थ दिलेलाच नाही, किंवा अर्थ आहे आणि करामत नाही. सर प्रत्येक चिठ्ठीवर लाल पेनने दुरुस्ती करून परत टाकतात. एका चिठ्ठीवर काही दुरुस्ती नव्हती, फक्त 'वा!' होतं : 'साप उलटला, तळहातावर मावला (२)'. पसा. अक्षर शेठजींचं, हळदीच्या बोटासकट.

भाच्याचं फोनचं पान चालू झालं. मी त्यावर एकदा सोडवून पाहिलं. चुकीचं अक्षर टाकलं की घर लाल होतं. ते बंद करायला सांगितलंय. लाल झालेलं घर पाहून लोक चारशे अक्षरं एकामागून एक टाकून बघतील, विचार कशाला करतील?

३ फेब्रुवारी

कंडक्टर काकांनी आज अख्खं कोडं करून आणलं. तिकिटांच्या जुन्या गठ्ठ्यामागच्या पुठ्ठ्यावर, पट्टीने आखलेली जाळी, नऊ बाय नऊ, नक्षी अर्ध्या फेऱ्यात बरोबर जुळणारी. शब्द सगळे रस्त्यावरचे : थांबा, घाट, सुट्टे, आगार, वळण. सरांनी सोडवायला घेतलं आणि वरचा डावा कोपरा सोडून सगळं भरलं. मी उरलेल्या कोपऱ्याशी दुपारपासून झटतेय. गिऱ्हाईकाची पत्रिका तशीच पडून आहे, नवरदेवाच्या मामाचा दोनदा फोन येऊन गेला.

काका काउंटरला टेकून उभे. "सांगू का पहिलं अक्षर?"

"नको."

"खालच्या उजव्या कोपऱ्यात सोपं घाटलंय बगा."

"तो झाला काका. १ आडवे अडलंय."

हेच कोडं उद्या फलकावर जाणार, त्यामुळे १ आडवे इथे लिहून ठेवते. 'सांगली सुरू केली, मिरज संपवली, तेवढ्यात दिवस बुडाला (२)'. उत्तर परवाच्या फलकावर.